कोकणातल्या जुन्या देवळाची वाढ कशी वाचावी आणि जीर्णोद्धाराआधी ती कशी नोंदवावी

कोकणातलं जुनं देऊळ सहसा एका पिढीचं काम नसतं. काळ्या दगडाचा गाभारा एका काळातला, त्याभोवतीच्या जांभ्याच्या भिंती नंतरच्या, लाकडी खांबांचा सभामंडप त्याहून नंतरचा, मंगलोरी कौलं पणजोबांच्या वेळची आणि पुढचा स्लॅब मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने घातलेला. गावात विचारलं तर मात्र एकच उत्तर मिळतं: पांडवकालीन. जीर्णोद्धाराची सभा भरते तेव्हा हाच शब्द घात करतो. सगळंच सारखं जुनं म्हटलं की खरोखर जुनं काय आहे ते कुणी बघत नाही आणि जेसीबी सगळ्यावर सारखाच फिरतो.

देऊळ कुठे वाढलं, कुठे कापलं गेलं, कुठे डागडुजी झाली हे भिंतीवर, जमिनीत आणि छपरात लिहिलेलं असतं. ते वाचायला पदवी लागत नाही. फीत, ओळंबा, टॉर्च, दोन-तीन चिकाटीची माणसं आणि साधारण तीन दिवस पुरतात.

कधी जावं, काय न्यावं

मोजणीसाठी दिवाळीनंतरचे महिने बरे. गवत बसलेलं असतं, भिंती वाळलेल्या असतात, उजेड स्वच्छ असतो. पण छपरासाठी एप्रिल-मे मधला शाकारणीचा दिवस साधायलाच हवा. कौलं उतरवलेली असतात, वासे आणि आढं उघडं पडलेलं असतं आणि वर चढायला माणसंही हजर असतात. जे बघायला एरवी परांची बांधावी लागेल ते त्या एका दिवसात फुकट दिसतं. तिसरी फेरी जुलैच्या मुसळधार पावसात मारा. पाणी कुठून शिरतं, पागोळ्या नेमक्या कुठे पडतात, ओल भिंतीत किती उंच चढते हे कोरड्या दिवसांत कळत नाही. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथल्या देवळात जे जे बदल झाले त्यातले निम्मे तरी पावसामुळे झाले आहेत.

सोबत ३० मीटरची फीत, ५ मीटरचा स्टीलचा टेप, ओळंबा, नायलॉनची दोरी, पातळी काढायची पारदर्शक नळी (१० मीटर पुरते), टॉर्च, चौकटीची वही, पेन्सिल आणि कागदी चिकटपट्टी घ्या. खडू नको. दगडावर खडूची रेघ ओढली की ती पुसताना दगड घासला जातो. खूण हवी तिथे चिकटपट्टी लावायची आणि संध्याकाळी काढून टाकायची. फोटोत माप कळावं म्हणून एक फुटाची, इंचांच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची काठी घरीच रंगवून घ्या.

आधी गुरव, मग फीत

गुरव किंवा पुजारी, मानकरी आणि देवस्थानचे विश्वस्त यांना आधी भेटा. काही गावांत देवाला कौल लावल्याशिवाय, म्हणजे देवाची परवानगी घेतल्याशिवाय, गाभाऱ्याला हात लावत नाहीत. तिथे तो लावून घ्या, त्याची घाई करू नका. गाभाऱ्यात सोवळं असेल तर टेपचं टोक पुजाऱ्यांच्या हातात द्या आणि आकडा उंबरठ्याबाहेरून लिहून घ्या. पट्टा, कॅमेऱ्याची चामड्याची पिशवी बाहेर ठेवा. गुरव घराण्याकडे जी माहिती असते ती दुसऱ्या कुणाकडे नसते: कुठला खांब वाळवीने गेला म्हणून बदलला, कुठली फरशी कुणाच्या नवसाची, जुनं द्वार कुठल्या बाजूला होतं. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा आणि 'ऐकीव' म्हणून वेगळ्या रकान्यात ठेवा. मोजून मिळालेली आणि ऐकून मिळालेली गोष्ट एकत्र झाली की पुढे कुणाला ती वेगळी करता येत नाही.

आराखडा

पहिला अर्धा दिवस फक्त जमिनीच्या नकाशाला. उंबरठ्यासमोर उभं राहून गाभाऱ्याच्या दाराचा मध्य काढा, तिथून सभामंडपातून थेट दीपमाळेपर्यंत दोरी ताणा. ही मध्यरेषा. आता सभामंडपाच्या दोन्ही बाजूंच्या भिंती या दोरीपासून मोजा. एकीकडे ११ फूट आणि दुसरीकडे १० फूट ४ इंच आलं तर मंडप गाभाऱ्याबरोबर आखलेला नाही, नंतर जोडला आहे असा संशय धरायला हरकत नाही. मग मंडपाचे दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर मंडप आधीच उभ्या असलेल्या कशाच्या तरी मध्ये बसवलेला असतो. दीपमाळ दोरीवर येत नाही हे बऱ्याच ठिकाणी दिसेल. ती एखाद्याने नंतर नवस फेडण्यासाठी बांधून दिलेली असू शकते.

भिंतीची जाडी बाहेरच्या मापातून आतलं माप वजा करून काढा. गाभारा बाहेरून १६ फूट, आतून ९ फूट, म्हणजे प्रत्येक भिंत साडेतीन फूट. जांभ्याची साधी भिंत दीड-दोन फुटांत संपते. एवढी जाड भिंत एकतर वरचं दगडी शिखर पेलण्यासाठी असते किंवा आत जुनी भिंत आणि बाहेरून नवीन चिऱ्यांची (जांभ्याच्या घडवलेल्या ठोकळ्यांची) खोळ अशी दुहेरी असते. दाराच्या किंवा झरोक्याच्या कडेला उभं राहून जाडीच्या मधोमध उभी फट दिसते का बघा.

नंतर पातळ्या. नळीत पाणी भरून उंबरठ्याची पातळी शून्य धरा आणि बाकी सगळ्या जमिनी तिच्या वर-खाली किती ते लिहा. जुन्या देवळात गाभाऱ्यात उतरून जावं लागतं, आणि लोकांना वाटतं गाभारा मुद्दाम खोल केला. बहुतेक वेळा उलट झालेलं असतं: बाहेरची जमीन दर पिढीत एकेक थर वर आली आहे. सारवणाच्या जमिनीवर चिरे, त्यावर शहाबादी, त्यावर मोझॅक, त्यावर आताचा ग्रॅनाइट. लाकडी खांबांखालची दगडी उथाळी बघा. एका रांगेतली उथाळी जमिनीवर ८ इंच आणि दुसऱ्या रांगेतली जेमतेम २ इंच दिसत असतील तर फरशीने ६ इंच गिळले आहेत.

सांधे

भिंतीकडे बघताना नक्षीकडे नंतर बघा, आधी सांधे बघा. गवंडी चिरे रचताना वरच्या थराचा उभा सांधा खालच्या चिऱ्याच्या मधोमध आणतो, यालाच सांधेमोड म्हणतात. दोन भिंती एकाच वेळी उभ्या राहिल्या असतील तर कोपऱ्यात त्यांचे चिरे एकमेकांत दात घालून बसलेले असतात. एक भिंत आधीची आणि दुसरी नंतर येऊन टेकलेली असेल तर कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत एकच सरळ उभा सांधा मिळतो. आत पोस्टकार्ड सरकतं. देवळाच्या वयाबद्दल यापेक्षा खात्रीचा पुरावा क्वचित मिळतो. गिलावा असला तरी तो सांधा लपत नाही. तिथे गिलाव्याला केसासारखी सरळ चीर पडते आणि कितीदा बुजवली तरी पुढच्या पावसाळ्यात परत येते.

चिऱ्याचं तोंड तिरप्या उजेडात बघा. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून धरली की हत्याराचे तिरके, असमान घाव उठून दिसतात. हा हाताने काढलेला चिरा. एकसारख्या, किंचित गोलाईच्या बारीक रेघा दिसल्या तर तो चकतीच्या करवतीने खाणीतून निघालेला, म्हणजे अलीकडचा. प्रत्येक भिंतीतले दहा चिरे मोजून लांबी-उंची लिहा. एका भिंतीत सरासरी उंची ९ इंच आणि शेजारच्या भिंतीत ७ इंच निघाली तर दोन वेगळ्या खाणींचा, बहुतेक दोन वेगळ्या वेळांचा माल आहे.

आत झरोका किंवा कोनाडा असेल तर विचार करा की तो तिथे का आहे. गाभाऱ्याच्या बाजूच्या भिंतीतला जाळीचा झरोका आज प्रदक्षिणेच्या अंधाऱ्या बोळात उघडत असेल तर जेव्हा तो केला तेव्हा बाहेर मोकळी हवा होती.

गोमुखाजवळ दहा मिनिटं

शिवालय असेल तर एक जागा सावकाश बघा. अभिषेकाचं पाणी गाभाऱ्यातून बाहेर नेणारा दगडी पन्हाळ, गोमुख किंवा नुसती चोच, मूळ बांधणीत नेहमी उघड्यावर सुटतो, कारण पाणी बाहेर पडलंच पाहिजे. तो आज कुठे सुटतो? बऱ्याच देवळांत तो भिंतीतून बाहेर येतो आणि बोळातल्या जमिनीवर, एका उथळ चरात पाणी टाकतो. तो चर बोळ ओलांडून बाहेरच्या भिंतीच्या तळाशी एका भोकातून बाहेर जातो. म्हणजे गाभारा आधी एकटा उभा होता आणि प्रदक्षिणेचा बोळ त्याच्याभोवती नंतर बांधला गेला. ते भोक बघा: भिंत बांधतानाच ठेवलेलं असेल तर त्याच्या वरती एक आडवा चिरा दिलेला असतो, नंतर फोडलेलं असेल तर कडा वेड्यावाकड्या असतात.

पन्हाळीची उंचीही मोजा. मकराची किंवा गाईच्या तोंडाची कोरीव पन्हाळ जमिनीत अर्धी पुरलेली असेल तर आवार तेवढं भरलं आहे. तिथे पहारीने खणू नका. दोन फूट खाली जुन्या जोत्याचे कोरीव थर असू शकतात आणि पहारीचा एक घाव ते कायमचे मोडतो.

छप्पर

कोकणातली बरीच देवळं आधी गवताने शाकारलेली, मग नळ्यांची (अर्धगोल देशी कौलांची), मग मंगलोरी कौलांची झाली. मंगलोरी कौलं आली ती बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या कारखान्यांमुळे. त्यांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये मंगलोरला निघाला. तेव्हा अशी कौलं असलेलं छपरावरचं आच्छादन त्याआधीचं असूच शकत नाही. मात्र एक मोठी फसगत इथे होते. कौल उलटं केलं की खालच्या बाजूला छाप दिसतो, कधी त्यावर १८६५ हा आकडाही असतो, आणि लोक देवळाचं छप्पर १८६५ चं ठरवतात. तो आकडा कारखान्याच्या स्थापनेचा आहे. पुढची कित्येक वर्षं त्याच छापाची कौलं निघत होती. कॉमनवेल्थ नाव असेल तर ते पहिल्या महायुद्धानंतरचं, कारण तेव्हा मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. शाकारणीच्या दिवशी प्रत्येक पाख्यावरची (छपराच्या उतरत्या बाजूवरची) निदान वीस कौलं उलटून छापांची यादी करा. दोन-तीन छाप मिसळलेले असतील तर ते दुरुस्त्यांचे. सगळ्यात जास्त संख्येने असलेला छाप मूळ घालणीचा धरा.

कौलाखालचा वासा अधिक बोलतो. मंगलोरी कौलाच्या रिपा (कौलं टेकायच्या आडव्या पट्ट्या) साधारण एकेक फुटावर असतात. त्याच वाशावर मधे मधे, जवळजवळच्या अंतरावर जुन्या खिळ्यांची भोकं किंवा काथ्या बांधल्याच्या खाचा दिसल्या तर त्या नळ्यांच्या किंवा गवताच्या वेळच्या. वासा तोच, पांघरूण बदललेलं. खिळेही बघा. चौकोनी अंगाचे, ठोकून केलेले खिळे लोहाराचे. गोल तारेचे खिळे कारखान्यातले आणि नंतरचे. नुसत्या लाकडी खुंट्यांवर बसवलेला सांधा मिळाला तर त्याचा फोटो चारही बाजूंनी काढा, कारण असे सांधे जोडणारे सुतार आता फार थोडे उरले आहेत.

उतार मोजणं सोपं आहे. वाशाला समांतर पट्टी धरून आडव्या १२ इंचात ती किती इंच चढते ते बघा. ७ इंच म्हणजे सुमारे ३० अंश, १२ इंच म्हणजे ४५ अंश. गवताला तीव्र उतार लागतो, नाहीतर पाणी आत मुरतं. मंगलोरी कौल त्याहून कमी उतारावर चालतं. आता बाहेर येऊन शिखराच्या किंवा गाभाऱ्याच्या भिंतीवर, छप्पर जिथे टेकतं त्याच्या वरखाली बघा. चुन्याची एक तिरपी रेघ, किंवा तिरप्या ओळीत कापलेली खाच दिसली तर तो जुन्या पाख्याचा व्रण. तिचाही उतार मोजा. आजच्या पाख्यापेक्षा ती तीव्र असेल आणि वाशांवर काथ्याच्या खाचाही असतील, तर गवताच्या छपराबद्दल दोन स्वतंत्र पुरावे झाले.

भिंतीत हाताच्या उंचीच्या खूप वर, सारख्या अंतरावर बुजवलेली चौकोनी भोकं असतील तर त्या तुळयांच्या जागा. त्यांची उंची शून्य पातळीपासून मोजा. जुना माळा किंवा खालचं छप्पर किती उंचीवर होतं ते मिळेल.

चुना आणि सिमेंट

जुनी जोडणी चुन्यातली. किनाऱ्यालगत चुना शिंपल्यांचा भाजत, त्यामुळे सांध्यातल्या चुन्यात नीट न भाजलेले शिंपल्यांचे पांढरे, चमकदार तुकडे दिसतात. खिळ्याने हलकेच ओरखडलं तर चुना भुकटी देतो. सिमेंट राखाडी असतं आणि खिळाच चकाकतो. ही परीक्षा मागच्या भिंतीवर, जमिनीलगत, एका जागी करायची. गाभाऱ्यात नाही. पोरबंदरच्या कारखान्यातून भारतीय सिमेंट १९१४ मध्ये बाहेर पडू लागलं, आणि खेड्यातल्या देवळापर्यंत ते पोहोचायला त्यानंतर बराच काळ गेला. म्हणून सिमेंटच्या सांध्यातली भिंत आजोबांच्या काळापलीकडे नेऊ नका. पण याचं उलट खरं नाही: सिमेंटचा गिलावा वरून मारलेला असतो आणि आत भिंत चुन्यातलीच असते. सांधा उघडा दिसतो तिथेच निर्णय करा.

चुन्याच्या सफेदीचे थरही मोजता येतात. आधीच पापुद्रा निघालेला आहे अशा कोपऱ्यात भिंग लावून बघा. एका भिंतीवर पंचवीस-तीस थर, मधे नीळ टाकलेले निळसर थर, आणि शेजारच्या भिंतीवर पाच-सहाच, तर दुसरी भिंत तरुण आहे. नवीन पापुद्रा काढायचा नाही.

इथेच जीर्णोद्धार करणाऱ्यांनी थांबून एक गोष्ट समजून घ्यावी. जांभा सच्छिद्र आहे. जमिनीतली ओल तो वर ओढतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हवेत सोडून देतो. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वरून ऑइलपेंट मारला की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती आणखी वर चढते, समुद्राच्या हवेतलं मीठ सोबत घेते आणि जिथे जागा मिळेल तिथे, बहुतेक गाभाऱ्याच्या आतल्या बाजूने, लोणा (मिठाचा फुलोरा) होऊन फुटते. मग 'भिंत सडली' म्हणून ती पाडायचं ठरतं. भिंत सडलेली नसते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी केलेली दुरुस्ती तिला खात असते. सिमेंट उतरवून दोन उन्हाळे भिंत मोकळी वाळू दिली आणि चुन्याचा गिलावा केला तर पुष्कळ ठिकाणी पाडापाडीची गरजच उरत नाही. नव्या स्लॅबचंही तेच दुखणं: खारट वाळू, सळईवर कमी जाडीचं आवरण, आणि खारी हवा. सळई गंजून फुगते आणि खालचा पापुद्रा सुटतो. त्याच जागी त्याहून कितीतरी जुनी सागवानाची तुळई शाबूत असते, कारण ती कोरडी राहिली.

लेख आणि सालं

पायरीवर, दीपमाळेवर, चौकटीवर, घंटेवर लेख शोधा. अंधार पडल्यावर टॉर्च एका बाजूने जमिनीसरसा धरून फोटो काढा, मग दुसऱ्या बाजूने, असे चारही दिशांनी. अक्षरांत पीठ किंवा रंग भरू नका. पिठाला मुंग्या लागतात आणि रंग दगडात कायमचा बसतो.

साल शकात असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, आणि तिथी पौष ते फाल्गुन या काळातल्या जानेवारीनंतरची असेल तर ७९. संवत्सराचं नाव दिलेलं असेल तर ताळा करता येतो. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, उरलेली बाकी म्हणजे साठ संवत्सरांतल्या पहिल्या, प्रभवापासून मोजलेला संवत्सराचा क्रमांक. शिवराज्याभिषेकाचं शके १५९६ घ्या: १६०८ ला ६० ने भागलं की बाकी ४८, आणि ४८ वा संवत्सर आनंद, तोच आहे. झिजलेल्या लेखात आकडा ५ आहे की ६ असा वाद पडला तर हा ताळा तो मिटवतो. जुन्या मोडी कागदांत शुहूर सन येतो. मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे.

लेख ज्या दगडावर आहे त्या दगडाचंच साल सांगतो, देवळाचं नाही. पायरी एखाद्या भक्ताने दिली, तिचं साल पायरीचं. घंटेचं तर अजून सावधपणे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर चर्चच्या घंटा मराठ्यांनी देवळांत नेऊन टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ आहे आणि देऊळ १७४७ चं. घंटेवर रोमन अक्षरं किंवा क्रूस दिसला तर ते साल ओतकामाचं आहे एवढंच लिहा.

'हेमाडपंती' या शब्दाबद्दलही हीच सावधगिरी. चुना न लावता रचलेलं प्रत्येक दगडी देऊळ लोकांच्या तोंडी हेमाडपंती ठरतं. हेमाद्री यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. अंबरनाथचं शिलाहारांचं देऊळ शके ९८२ चं, म्हणजे १०६० चं, त्याच्या दोनशे वर्षं आधीचं, आणि तेही कोरडी घडाई आहे. नोंदीत 'कोरड्या सांध्यातली दगडी बांधणी' असं लिहा. ते कधीच चुकीचं ठरणार नाही. आपल्या देवळात असे कोरीव काळे खांब जांभ्याच्या मंडपात उभे असतील तर त्यांची उंची, तळ आणि माथा जुळतो का बघा. खाली दगडाचा तुकडा घालून उंची साधली असेल, किंवा खांबाच्या बाजूला आता काहीच न बसणाऱ्या खाचा असतील, तर ते दुसऱ्या पडलेल्या मंडपातले आहेत. कसब्याला, संगमेश्वराजवळ, कर्णेश्वरात असे खांब त्यांच्या मूळ जागी कसे दिसतात ते एकदा जाऊन बघा. नजर तयार होते.

आवारातही फिरा. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड), सतीशिळा, वर चंद्रसूर्य कोरलेला गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा दगड), तळ्याच्या पायरीला लावलेला कोरीव तुकडा, हे सगळं नकाशावर जिथल्या तिथे दाखवा. हलवू नका. जागा हाच त्यांचा अर्धा अर्थ असतो.

कागदांसाठी देवस्थानची जुनी दफ्तरं, इनामाच्या सनदा, रत्नागिरी आणि सावंतवाडीचं १८८० चं गॅझेटियर, कुलाबा आणि जंजिऱ्याचं १८८३ चं, आणि पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर एवढं धुंडाळा. दुरुस्तीला दिलेल्या रकमांचे हिशेब मिळाले तर सोन्यासारखे: त्यात चुना किती, सागवान किती, सुतार किती दिवस हे असतं.

नकाशा रंगवणं

गाभारा १:२० आणि पूर्ण देऊळ १:५० या प्रमाणात कागदावर उतरवा. भिंती भरून काढताना काळाप्रमाणे रंग द्या: सगळ्यात जुना भाग काळा, मग तपकिरी, मग निळा, आताचं काम पिवळं. साल माहीत नसलं तरी क्रम लिहिता येतो, आणि क्रम जास्त महत्त्वाचा. गोमुखाचा गाभारा आधी, बोळ नंतर, बोळाला टेकलेला मंडप त्याच्याही नंतर. ज्या भिंतीचा निर्णय होत नाही ती पांढरी सोडा. पांढरा भाग लाज वाटण्यासारखा नाही. तिथे पुढे कुणीतरी काम करेल. प्रत्येक रंगाशेजारी पुरावा लिहा: 'वायव्य कोपऱ्यात सरळ उभा सांधा, फोटो १४.'

काम ठरलंच असेल तर

देऊळ संरक्षित स्मारक असेल किंवा स्मारकापासून ३०० मीटरच्या आत असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे जा. १०० वर्षांपेक्षा जुन्या मूर्ती आणि कोरीव काम १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात. कोरीव खांब मापून विकत मागणारे व्यापारी जीर्णोद्धाराच्या गावात हमखास येतात, त्यांना विश्वस्तांनी एकमुखाने नाही सांगावं.

देव बालालयात (काम चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या देवघरात) हलवले की गाभारा काही दिवस मोकळा होतो. तो काळ मोजणीसाठी राखून ठेवण्याची अट कंत्राटातच घाला, निदान चार दिवस. त्या दिवसांत आतून सगळे सांधे, छताचे दगड आणि पन्हाळीचं आतलं तोंड फोटोसह नोंदवा. कोरीव दगड किंवा खांब उतरवण्याआधी त्याला क्रमांक द्या, तोच क्रमांक नकाशावर. क्रमांक दर्शनी बाजूला रंगवू नका. पितळेच्या बिल्ल्यावर ठोकून तो सुतळीने बांधा. पावसात कागदाची चिठ्ठी एक महिनाही टिकत नाही.

उतरवलेलं लाकूड जमिनीवर आडवं टाकू नका. चिऱ्यांच्या दोन ओळी करून त्यावर, मधे फळ्या घालून, हवा खेळेल असं रचा. वर छप्पर हवं, पण ताडपत्री घट्ट गुंडाळू नका. आत वाफ धरते आणि बुरशी येते. दर महिन्याला खालच्या चिऱ्यांवर वाळवीच्या मातीच्या नळ्या चढल्या आहेत का बघायचं काम एका माणसाला नावानिशी द्या. बदललेल्या प्रत्येक सामानाचा एकेक नमुना, म्हणजे छाप असलेलं एक कौल, चौकोनी खिळा, शिंपलीच्या चुन्याचा मूठभर तुकडा, तारीख आणि जागा लिहून देवस्थानच्या कपाटात ठेवा. नकाशाच्या तीन प्रती करा: एक त्या कपाटात, एक ग्रामपंचायतीत, एक गुरवाच्या घरी.